दोन बिड्यांचं अंतर

बहिणीच्या लग्नाची पहिली पत्रिका मी चुकीच्या देवळात ठेवून आलो. तिथं देव असता तर ती निदान चुकीच्या देवाला तरी पोचली असती. तिथं देवच नव्हता.

हे कसं झालं ते सांगतो. इतक्या वर्षांत मी ही चूक दुसऱ्या कुणावर तरी ढकलून पाहिली आहे. सायकलवर, घाटाच्या उतारावर, रस्त्याकडेच्या सरकारी दगडांवर, एकदा तर वाऱ्यावरसुद्धा. कुणी घेत नाही. शेवटी ती माझ्याकडेच परत येते.

आमचं घर घाटावर, बुलढाण्याच्या अलीकडच्या एका खेड्यात. वांगी, मिरची, मेथी आणि थोडी ज्वारी. देव मात्र घाटात. आमचं घराणं मूळचं घाटाखालचं. आजोबांचे आजोबा कधीतरी वर राहायला आले. येताना देवाला आणायचं राहिलं, की देवच चढ चढायला तयार झाला नाही, याबद्दल घरात दोन मतं आहेत. त्यामुळे लग्न निघालं की घरातल्या एका पुरुषानं पहिली पत्रिका घेऊन पायी घाटात जायचं, अशी रीत. सोबत नारळ, हळदीचे तांदूळ आणि आपल्या वावरातला मुठीएवढा एक दगड. तो दगड देवापाशी ठेवायचा आणि सांगायचं, अमकीचं लग्न आहे, येजो. हे झाल्याशिवाय बाकीच्या पत्रिकांनी उंबरा ओलांडायचा नाही.

बहिणीची सोयरीक आधी एकदा मोडली होती. त्या वेळी बाबा तापानं पडले होते. देवाकडे दोन दिवसांनी जाऊ म्हणून पत्रिका आधीच वाटल्या, आणि त्याच दोन दिवसांत मुलाकडच्यांचा निरोप आला की आमचा विचार बदलला. मायनं यावर कधी तोंड उघडलं नाही. बहिणीनंही नाही. फक्त त्यानंतर ती विहिरीवर भर दुपारी जायला लागली, बाकीच्या बाया नसताना. दीड वर्ष असंच गेलं. ही दुसरी सोयरीक जमली, तेव्हा कुठं ती पुन्हा सकाळच्या गर्दीत घागर घेऊन दिसायला लागली. या खेपेला छापून आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा मायनं जुन्या लुगड्यात बांधला, गाठ मारली आणि कोठीवर ठेवून दिला. ती गाठ कुणी सोडायची नव्हती. आणि दोघे चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं निघणार होते, एक मोताळ्याकडे, दुसरा वडनेर आणि पिंपळगाव राजाच्या पाहुण्यांकडे. म्हणजे देवाचं काम आजच व्हायला हवं होतं, आणि बाबांचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता.

मी म्हणालो, मी जातो. सायकलनं.

तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी नुकताच मास्तर. दोघांनाही आपण फार मोठे झालो असं वाटत होतं. माझ्याकडे काळी चोवीस इंची सायकल होती, मनगटावर घड्याळ होतं, खिशाला पेन होतं. सातवीच्या वर्गाला मी गणित शिकवत होतो. रस्त्याकडेच्या दगडांवरचे मैल पुसून किलोमीटर रंगवायचं काम चालू होतं, आणि हे काम जणू माझ्याच सल्ल्यानं चाललंय अशा थाटात मी गावात त्याबद्दल बोलत असे.

देवाकडे पायी जातात, असं बाबा म्हणाले. देवाचं चाकाशी काही भांडण नाही, असं मी म्हणालो. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी भरायला घेतली. मग बाबांनी वाट सांगितली.

"घाटात दुसऱ्या वळणावर पाणपोई हाय. तिथून दोन बिड्या चालजो. डाव्या हाताले मोठ्ठी चिंच लागंल. चिंचेच्या मांगं आपला देव. दगडाचा."

दोन बिड्या म्हणजे किती, असं मी विचारलं. फर्लांगात सांगा, नाहीतर किलोमीटरमध्ये.

"ते मले नाही माहीत. पयली पाणपोईवर पेटवायची. दुसरी विझली का देव येते."

आता कोणताही शहाणा माणूस इथं म्हणाला असता की बाबा, नीट सांगा, खूण सांगा. मी घड्याळ काढलं. बाबांनी सवयीनं बिडी पेटवली होतीच, ती विझेपर्यंत मी वेळ मोजली. सात मिनिटं. म्हणजे दोन बिड्या, चौदा मिनिटं. अडाणी मापाचं शास्त्रीय मापात रूपांतर केल्याचा मला इतका आनंद झाला की पत्रिकेच्या पिशवीबरोबर तोही मी कॅरिअरला बांधला आणि निघालो.

राजूर घाटाच्या तोंडाशी रस्ता एकदम संपल्यासारखा वाटतो. जमीन पायाखालून निघून जाते आणि समोर नुसतं आभाळ उरतं. मी कितीदा तिथून गेलो होतो, पण एस.टी.त बसून, कुणाच्या तरी कोंबड्या मांडीवर घेऊन. सायकलवरून ते पहिल्यांदा पाहिलं. खाली सगळं वऱ्हाड पसरलं होतं, फाल्गुनातल्या उन्हानं फिकट झालेलं, आणि त्याच्याही पलीकडे, जिथं काहीच असायला नको, तिथं सातपुड्याची निळी रेघ. इतकी पुसट की पापणी लवली तर जाईल असं वाटलं. मी दोन्ही पाय टेकून उभा राहिलो. मला त्या वेळी जे वाटलं त्याला शब्द सापडला नाही, आणि मी मास्तर असल्यामुळे ते मला फार लागलं.

मग उतार सुरू झाला. पळस ऐन भरात होता. सागाची पानं गळून गेली होती, त्यामुळे त्या उघड्या करड्या रानात ठिकठिकाणी कुणी पेटते पलिते रोवून ठेवल्यासारखी ती केशरी झाडं. दुसऱ्या वळणावर मोहाच्या झाडाखाली पाणपोई होती. गवताचं छप्पर, दोन रांजण आणि एक बुढी. मी पाणी प्यायलो. कुठं चालला विचारल्यावर देवाकडे म्हणून सांगितलं. सायकल इथंच ठेव, असं ती म्हणाली. मला वाटलं, तिला सायकल राखायची आहे. मी नम्रपणे नको म्हणालो, घड्याळात पाहिलं आणि सुटलो. पाठीमागून ती आणखी काहीतरी ओरडली, पण तोवर कानांत वारा भरला होता.

ती चौदा मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. ब्रेकचे रबर झिजलेले होते, तेव्हा वेग ठरवणं माझ्या हातात नव्हतं. सायकल ठरवत होती. एका वळणावर डावीकडे कडा आणि उजवीकडे दरी, पुढच्यावर उलट. वानरांचं एक टोळकं कठड्यावर बसलं होतं. ते मला पाहून उठलंसुद्धा नाही. फक्त सगळ्यांनी एकदम मान वळवली, रस्त्यानं जाणारी वरात पाहावी तशी. सागाची वाळली पानं रस्त्यावरून माझ्याबरोबर पळत होती. मी मोठमोठ्यानं काहीतरी म्हणत होतो. भीतीनं म्हणत होतो की आनंदानं, ते आज सांगता येणार नाही. अकराव्या मिनिटाला घाट संपला. तेराव्याला एका गावाच्या बाहेर आलो. चौदाव्या मिनिटाला डाव्या हाताला चिंच.

आणि काय चिंच. चार माणसांच्या कवेत मावणार नाही असं खोड. तिच्या मागं काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ.

हिशेब इतका बिनचूक जुळला की मला बाबांची दया आली. इतकं मोठं वैभव आपल्या घराण्याचं आणि बाबा नुसतं म्हणतात, दगडाचा देव.

पुढचा मंडप अर्धा ढासळला होता, पण आत शिरलो आणि थांबलोच. ना चुना, ना माती. नुसता दगडावर दगड, आणि दोन दगडांच्या मध्ये पत्रिकेचा कागद सरकणार नाही अशी सांध. मी खरंच सरकवून पाहिला. खांबांवर खालपासून वरपर्यंत नक्षी, कुठं माळा, कुठं हत्तींची रांग. वर पाहिलं तर छतात एक अख्खं कमळ उलटं फुललेलं. पाकळ्यांच्या आत पाकळ्या, त्यांच्या आत आणखी पाकळ्या, आणि मधून खाली लोंबणारा दगडाचा कळीएवढा गोळा. एखाद्या माणसानं उताणं पडून, डोळ्यांत दगडाचा भुगा झेलत, वर्षानुवर्षं ते कोरलं असेल. कोण होता, कुठून आला, त्याला संध्याकाळी कोण भाकर देत होतं, काही माहीत नाही. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत माठातल्यासारखा गारवा. मी मान वर करून इतका वेळ उभा राहिलो की खाली पाहिल्यावर भोवळ आली.

गाभाऱ्यात अंधार होता. मधे एक चौथरा होता, चौथऱ्यावर काही नव्हतं. मला ते फारच भारी वाटलं. आपला देव निराकार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. मग नारळ फोडला, हळदीचे तांदूळ वाहिले, वावरातला दगड मांडला, पत्रिका ठेवली आणि हात जोडून, माझ्या सगळ्यात चांगल्या आवाजात, बहिणीच्या लग्नाला यायचं आमंत्रण दिलं. आवाज गाभाऱ्यात असा घुमला की देवानं हो म्हटल्यासारखंच वाटलं. त्या घुमण्याच्या मोहानं मी तेच पुन्हा दोनदा म्हणालो.

बाहेर येऊन मंडपात बसलो आणि पुन्हा कमळ पाहत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. पंधरावीस बकऱ्या आत शिरल्या आणि त्यांच्या मागून एक म्हातारा. त्यानं माझ्या पेनाकडे पाहिलं.

"काय करून राह्यला मास्तर इथं?"

मी अभिमानानं सांगितलं, बहिणीच्या लग्नाची पहिली पत्रिका देवाला द्यायला आलो होतो, दिली.

"कोन्या देवाले?"

मी गाभाऱ्याकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं आधी गाभाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत गाभाऱ्याकडे. त्याच्या आज्यानंही तिथं देव पाहिला नव्हता, असं तो म्हणाला. मूर्ती कधी गेली, कुणी नेली, कुणालाच ठाऊक नाही. उन्हाच्या वेळेला बकऱ्या मात्र रोज बसतात.

"आता त्याईले बोलावलंच हाय, तर येतील लग्नाले," तो म्हणाला. "चाऱ्याचं तेवढं पाह्यजो."

मी धावलो. एक बकरी चौथऱ्यावर पुढचे पाय टेकून तांदूळ संपवत होती. तांदूळ झाल्यावर ती पत्रिकेकडे वळली होती. मी ती हिसकावली तेव्हा खालचा उजवा कोपरा गेलेला होता. पत्रिकेच्या त्या कोपऱ्यात निमंत्रक म्हणून वधूच्या भावाचं नाव होतं. एवढ्या मोठ्या कागदात तिनं नेमकं माझंच नाव खाल्लं.

आणि तेव्हा मला विहिरीवर भर दुपारी घागर घेऊन जाणारी बहीण आठवली. चौदा मिनिटांचा माझा हिशेब पायी चालणाऱ्याचा होता, सायकलीचा नव्हता, हे पोरांना फळ्यावर लिहून देणाऱ्या माणसाच्या डोक्यात बकरीनं कागद खाईपर्यंत आलं नव्हतं. माय त्या गाठीकडे पाहत बसली असेल. दगड आणि पत्रिका पिशवीत टाकली, फुटका नारळ तिथंच सोडला आणि निघालो.

उतरायला जिथं मिनिटं लागली, तिथं चढायला दुपार गेली. सायकल ढकलत. सायकल ढकलताना माणसाला बरंच काही दिसतं, कारण दुसरं काही करता येत नाही. सकाळी मी ज्या रानातून वाऱ्यासारखा गेलो, त्यात एवढे आवाज आहेत हे मला कळलंच नव्हतं. वाळक्या पानांवर सरड्याचीसुद्धा माणसासारखी चाहूल लागते. दरीतून मोर ओरडला की तो आवाज समोरच्या कड्याला लागून दुसऱ्या मोरासारखा परत येई. पाणी नसलेल्या नाल्यात गुळगुळीत दगडांचा ढीग पडला होता, कुणी आणून टाकल्यासारखा. मी थांबायचो, दम खायचो, वर पाहायचो. घाट होता तिथंच होता.

पाणपोईवरची बुढी मला पाहून उठलीसुद्धा नाही.

"सकाळी म्हनलं होतं ना बापा, सायकल ठेव म्हनून. देव का सडकंवर बसते?" तिनं छपरामागं बोट दाखवलं. तिथून एक पायवाट रानात जात होती, जेमतेम एका माणसाची.

नारळ फुटला, तांदूळ बकरीनं खाल्ले, हे मी तिला सांगून टाकलं.  तिनं झाडाखाली वेचून ठेवलेली मोहाची फुलं ओंजळभर माझ्या पिशवीत टाकली. या देवाला नारळ हल्ली हल्ली माहीत झाला, असं तिचं म्हणणं. तिच्या सासूच्या वेळेला मोहच वाहत. आणि मग कनवटीच्या दोन बिड्या काढून हातावर ठेवल्या.

"याच्याबिगर सापडनार नाही तुले."

आयुष्यात बिडी ओढली नव्हती. पहिल्या झुरक्याला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला खोकला. खोकण्यासाठी थांबलो तर माप चुकेल म्हणून मी चालत खोकत राहिलो. सावली दाट होत गेली. एका मोहाच्या खोडावर, माझ्या डोक्याच्याही वर, अस्वलाच्या नखांचे पाच लांब ओरखडे होते, आतली साल अजून ओली. अस्वलाला सगळ्यात प्रिय ती मोहाची फुलं ओंजळभर पिशवीत घेऊन मी त्याच्याच रानातून धूर सोडत चाललो होतो. इतका गुपचूप मी परीक्षेच्या हॉलमध्येही कधी चाललो नव्हतो.

दुसरी बिडी बोटाला चटका देऊन विझली आणि डाव्या हाताला चिंच आली.

तिच्या मागं देऊळ नव्हतं. एक उभा दगड होता, कमरेएवढा, शेंदरानं माखलेला. जवळ जाऊन पाहिलं तर शेंदराखाली घोडा होता. घोड्यावर माणूस, हातात भाला, वर एका बाजूला चंद्र आणि एका बाजूला सूर्य. कुठल्या तरी लढाईत, याच वाटेवर पडलेल्या कुणा माणसाचा वीरगळ. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या लग्नाला ज्याला बोलावत होतं, तो हा होता.

आणि त्याच्या मागं दगडांचा ढीग. मुठीएवढे, काळे, आमच्या वावरातले. वरचे कोरडे होते, खालचे शेवाळानं एकमेकांना चिकटलेले, त्याच्याही खालचे मातीत गेलेले, आणि तरीही ढीग माझ्या छातीला लागत होता. एक दगड म्हणजे एक लग्न. वरून कुठला तरी माझ्या आईबापाचा. त्याखाली आजोबांचा. त्याखाली ज्यांची नावं आमच्या घरात आज कुणाला ठाऊक नाहीत अशा मुलींचे, ज्या एका सकाळी आमच्या उंबऱ्यातून गेल्या आणि ज्यांच्यासाठी एक बाप किंवा भाऊ इथवर पायी आला. मी घाटाखाली पाहिलेलं कमळ मोठं होतं. त्यापुढं मी वर पाहत उभा राहिलो होतो. इथं मात्र मी खाली बसलो. पाय थकले होते हेही खरं आहे, पण तेवढंच नाही.

दगड ठेवला. कोपरा गेलेली पत्रिका ठेवली, त्यावर मोहाची फुलं. माझा चांगला आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. हळूच म्हणालो, ताईचं लग्न आहे, येजो. मग मागं काहीतरी सरसरलं आणि मी अस्वलाचा विचार करून आलो त्याच्या निम्म्या वेळात पाणपोईवर पोचलो. त्या धावण्याचं माप बिड्यांत काढता येणार नाही.

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. बाबा ओट्यावर गुडघा लांब करून बसले होते. माय दारात. बहीण तिच्या मागं, कवाडाला धरून. कुणी विचारलं नाही की दिली का. बाबांनी एवढंच विचारलं, "किती बिड्या लागल्या?"

दोन म्हणालो असतो तर तिथंच मिटलं असतं. पण बहीण कवाडाआडून माझ्याकडे अशी पाहत होती की उद्या काही खुट्ट झालं तर ते 'दोन' मला जन्मभर गिळता येणार नाही, हे दिसत होतं. मी सगळं सांगितलं. देऊळ, कमळ, चौथरा, बकरी, कोपरा, मोह, दगड. 

मायनं एकच विचारलं. "त्या देवळात देव होता का?"

नाही म्हणालो. नक्की नाही ना? नक्की नाही. म्हाताऱ्याच्या आज्यानंही पाहिला नव्हता.

"मंग पयली पत्रिका आपल्याच देवाले पोचली," माय म्हणाली, आणि आत जाऊन कोठीवरचा गठ्ठा खाली काढला. गाठ सोडायला तिला वेळ लागला. फार घट्ट मारली होती. पहाटे दोघे चुलतभाऊ एस.टी.नं गेले, आणि लग्न ठरल्या दिवशी ठरल्या वेळी लागलं. बकऱ्या आल्या नाहीत.

पण त्या संध्याकाळी गाठ सुटली तेव्हा बहीण तोंडात पदर कोंबून आत पळाली. तिचे खांदे हलत होते म्हणून मी घाबरून मागं गेलो, तर ती हसत होती. थांबत नव्हती. मधेच 'बकरी' म्हणायची आणि पुन्हा सुरू. दीड वर्षानं हसायला तिला काहीतरी मिळालं होतं, आणि ते मी होतो.

 बाबांनी बिडी पेटवली, सावकाश, शेवटपर्यंत ओढली. मी समोर बसून होतो. मग थोटूक ओट्याखाली टाकत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शाळेत पोट्ट्याईले काळ, काम, वेग तूच शिकवतं का बे?"